मागाचं चाक उभं करताना

सोलापूरचा उन्हाळा घरमालकासारखा येतो. न विचारता आत शिरतो, माठाकडे बघतो, कूलरकडे बघतो, आणि यंदाही तुमचं काही खरं नाही असं सांगून ठाण मांडतो. नवी पेठेत साडीच्या दुकानावर माझा क्लास आहे. दुपारी जिन्याच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो. खालचा दुकानदार पायरीवर पाणी मारतो, पण त्याचा मातकट वास माझ्या खिडकीपर्यंत यायच्या आत पायरी वाळलेली असते. मुलं डोक्याला रुमाल गुंडाळून येतात, घटाघटा पाणी पितात आणि पंख्याखालच्या खुर्चीसाठी भांडतात. त्यांना मी कागदावरची चपटी चित्रं कॉम्प्युटरमध्ये उभी करायला शिकवते. पुढून, वरून आणि बाजूनं काढलेली तीन चित्रं, आणि त्यांतून एक वस्तू. शिकून ती पुण्याला जातात. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही.

परवा एका मुलीनं सरावासाठी दातेरी चाकं घेतली. एक मोठं, एक धाकटं. दोन्ही एकमेकांत अडकवून तिनं ती पडद्यावर फिरवून दाखवली. "मॅडम, एकदम जुळतंय बघा," म्हणाली. मी छान म्हटलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली रसवंतीचं घुंगरू वाजत होतं, रिक्षावाले एकमेकांना शिव्या घालत होते. चाकं जुळतायत हे ऐकलं की मला एका उन्हाळ्यापासून बरं वाटत नाही.

तो उन्हाळाही असाच होता. होळी होऊन गेली होती, आणि नरसय्याअण्णा हाच जिना चढून वर आले होते. साठीचे गृहस्थ, अंगात बिनइस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली कागदांची लांब सुरळी. नातवाच्या प्रवेशाची चौकशी करायला आलेले आजोबा असतील म्हणून मी क्लासचं माहितीपत्रक पुढे केलं. त्यांनी ते मान देऊन घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि सुरळी माझ्या टेबलावर सोडली.

"मॅडम, ह्ये आडवं हाय," म्हणाले. "ह्येचं उभं करून द्या की."

कागद पिवळे पडले होते, कडा कुरतडलेल्या. त्यांवर पेन्सिलीनं काढलेली दोन दातेरी चाकं होती, खऱ्या आकाराएवढी.

अण्णांचा शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, राहत्या घराच्या मागेच, चादरींचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा एवढंच, माग होते चार. ते माग इथल्याच एका लहानशा वर्कशॉपनं बनवलेले, आणि ते वर्कशॉप बंद पडून जमाना झालेला. त्या बनावटीचे बाकी सगळे माग एकेक करून भंगारात गेले होते. गावात अण्णांचे तेवढे राहिले होते. एकाचं चाक मोडलं की दुसऱ्याचं काढून लावायचं, असं करत करत तीन माग नुसते उभे राहिले, आणि आता चौथ्याच्याही मोठ्या चाकाचे दाते तुटले होते. नवं चाक बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, करायचं तर वाळूत साचा उठवायला आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो. पॅटर्न वाळवीनं खाल्ले होते. ते बनवणारे मिस्त्री अण्णांच्या गल्लीतलेच. मिस्त्री वारले तेव्हा घरच्यांनी ही सुरळी रद्दीत न घालता अण्णांना दिली होती.

"फौंड्रीवाला वळकीचा हाय," अण्णा म्हणाले. "त्यो म्हन्तोय, कम्प्यूटरमदी करून आना, लाकूड मशिनीवर कापून घेतो. चाक झालं की माग चालू. न्हाय झालं तर..."

भंगारवाल्याची फेरी त्यांच्या गल्लीत सुरू झाली होती, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

बंद पडलेला कारखाना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आजूबाजूच्या घरांतून मागांची खडखड येत होती, इतकी की बोलताना ओरडावं लागायचं, आणि त्या आवाजाच्या मधोमध ही एक खोली गप्प. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास भिंतींना कायमचा बसलेला. पत्र्यातून उष्मा खाली उतरत होता. चौथ्या मागावर चादर अर्धी विणलेली तशीच होती; लाल जमिनीवर मोर, मोराचे पाय झालेले, पोट झालेलं, मानेपाशी धागा थांबलेला. उंबऱ्यावर अण्णांच्या पत्नी अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. कारखाना थांबल्यापासून घर त्यांच्या बोटांवर चाललं होतं. अण्णा मात्र रोज सकाळी अंघोळ करून बंद मागांना तेल द्यायचे. मी विचारलं, चालत नाहीत तर तेल कशाला? म्हणाले, "चालू झाल्यावर कुरकुर नको करायला."

मी त्यांना चित्र वाचणं समजावून सांगायला लागले. हे पुढून, हे वरून. त्यांनी मागाच्या वर, नक्षी उठवणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यांच्या माळेकडे बोट केलं. "आमचं बी तसंच की, मॅडम. तितं पुठ्ठ्याला भोकं, आन् हितं खाली मोर."

मग दोन महिने मी मिस्त्रींच्या कागदांबरोबर राहिले. सकाळचा क्लास संपला की खिडकीला ओली चादर लावायची, कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीसमोर टेबलफॅन ठेवायचा आणि बसायचं. मशीन तापून बंद पडायचं. ते गार होईपर्यंत मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायची आणि कागद बघायची. आमच्या धंद्यात जे मागच्या बाजूला आहे, डोळ्यांना दिसत नाही पण आहे, ते तुटक रेघेनं दाखवायची रीत आहे. मिस्त्रींच्या तुटक रेघा बघण्यासारख्या होत्या. प्रत्येक तुकडा सारखा, मधली जागा सारखी, आणि कोपऱ्यावर आल्यावर रेघ कधी हवेत सुटलेली नाही. मी या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, पण तो पेन्सिल जिभेला लावून लिहीत असणार, हे मला रेघांच्या टोकांवरच्या काळ्या ठिपक्यांवरून कळत होतं. एकट्यानं काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्या एकट्याची सोबत पुरते. मला त्यांचा लळा लागला, असं म्हणायला हरकत नाही.

मापं त्यांनी लिहिलीच नव्हती. चित्रच खऱ्या आकाराचं, त्यावर पट्टी ठेवा आणि माप घ्या, असा तो सगळा मामला. लिहिलेलं होतं एकच माप, चाकाच्या मधल्या भोकाचं, कारण त्यातून लोखंडी दांडा जायचा असतो. कागदावर पट्टी ठेवली तर ते भोक लिहिल्यापेक्षा केसभर मोठं भरायचं. मी अण्णांना दाखवलं.

"कागद म्हंजे पापडच की," अण्णा म्हणाले. "कवा वाकतोय, कवा फुगतोय."

जुना कागद म्हटल्यावर असं होतंच. भोक लिहिलेल्या मापाचं ठेवलं, बाकी सगळं पट्टीनं घेतलं आणि पुढे गेले.

आई त्या दिवसांत गावाकडून, मंद्रूपहून, माझ्याकडे येऊन राहिली होती. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी घागरी, बादल्या, पातेली, अगदी चहाची भांडीसुद्धा ती भरून ठेवायची. शेतावर जन्म काढलेली बाई, तिला शहरात पाणी नाही याचा राग यायचा आणि तो ती माझ्यावर काढायची. "लोकाच्या चाकाचा तुला कशाला एवढा घोर लागलाय?" म्हणायची. "त्ये बी असल्या उनात." एका दुपारी डबा घेऊन क्लासवर आली आणि पडद्यावर फिरणारं चाक बघत उभी राहिली. "हिरीवरच्या रहाटागत फिरतंय की गं," म्हणाली. आमची विहीर आटली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

अण्णा आणि अक्का जोडीनं चाकं बघायला आले तो रविवार होता. अक्कांनी नवी चप्पल घातली होती आणि जिन्यावर दोनदा थांबल्या होत्या. मी दोन्ही चाकं पडद्यावर आणली, एकमेकांत अडकवली, फिरवली. मग आतून कापून दाखवली, बटाटा कापावा तशी. दाते कुठे एकमेकांत घुसत असतील तर तिथं लाल रंग उमटतो. कुठेही लाल नव्हतं. दोघं तेलुगूत काहीतरी बोलले. अक्कांनी पदर तोंडाला लावला. अण्णा मान पुढे काढून बघत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "आवाज न्हाय की ह्येला." ते हसले, मग मीही हसले. त्या उन्हाळ्यातला तेवढाच एक दिवस मी पुन्हा जगायला तयार आहे.

आता हे लिहिताना वीज गेली आहे. खालच्या दुकानात इन्व्हर्टरवरची एक ट्यूब जळतेय आणि गिऱ्हाइकं साड्यांचे रंग उजेडात नेऊन बघतायत. माणसाला एखादी गोष्ट सगळ्या बाजूंनी बघितली असं कधी म्हणता येतं, हा प्रश्न मी मुलांना पहिल्या दिवशी विचारते. ती म्हणतात, तीन बाजूंनी, मॅडम. पुस्तकात तसंच आहे. पूर्वी मी या उत्तराला मान डोलवायची. आता नुसती पुढच्या धड्याकडे वळते.

अण्णांच्या ओळखीच्या दस्तगीरभाईंची फौंड्री एमआयडीसीत आहे. वैशाखात बिडाच्या भट्टीपाशी उभं राहायचं म्हणजे उन्हाला ऊन लावायचं. काळ्या वाळूच्या साच्यात लाल रस ओतला गेला, वर निळ्या ज्वाळा भुरभुरल्या आणि विझल्या. दस्तगीरभाई बोलके. "मॅडम, तुमारा कम्प्यूटर अच्छा है," म्हणाले, "मेरेकू तो दात गिनते गिनते आँखां दुखते थे." चाक निघालं तेव्हा त्याला वाळू चिकटलेली होती आणि ते अंगाशी धरवत नव्हतं. अण्णांनी ते चादरीत गुंडाळून रिक्षातून मांडीवर घेऊन नेलं.

मोठं चाक मागावर चढलं. दांडा भोकात अलगद गेला. अण्णांनी हातानं फिरवायला घेतलं आणि ते अर्धा फेरा जाऊन अडलं. नवे दाते जुन्या धाकट्या चाकाच्या दात्यांवर चढत होते. कानस घेऊन अण्णांनी दाते घासले. घासलेलं चाक फिरलं, पण गचके खात, आणि माग सुरू केल्याबरोबर दोन दाते पडले. जुनं चाक झिजलंय म्हणून नवं जुळत नाही, असं ठरलं, आणि दोन्ही चाकांची नवी जोडी ओतली. ती मागावर चढवण्याआधी दस्तगीरभाईंनी दोन खुंट्या ठोकून जमिनीवरच फिरवून दाखवली. लोण्यासारखी फिरली. मागावर मात्र दोन चाकांना मिळून जागाच पुरेना. दोन दांड्यांमधलं अंतर कमी पडत होतं, तेही ज्वारीच्या दाण्याएवढं नाही.

आम्ही तिघं मागाभोवती उभे राहिलो. शेजारची खडखड चालूच होती.

"चाकां तो बराबर हैं, अण्णा," दस्तगीरभाई म्हणाले. "नीचे फिराके देखे ना तुम."

अण्णांनी मागाच्या चौकटीवर तळवा ठेवला. तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. "मग मागच सरकलाय," म्हणाले. "एवडी वर्सं हादरा खाल्लाय त्येनं. सरकंल न्हाय तर काय."

आमच्यापैकी कोणीही त्याला विरोध केला नाही. पडद्यावर जुळत होतं, जमिनीवर जुळत होतं. मग आणखी कोणाला विचारायचं? म्हातारा माग वाकला, हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. माणसं वाकतात, चौकटी वाकतात, आणि वाकलेल्यापुढे कोणाचा इलाज चालत नाही. त्या दिवशी घरी जाताना मला वाईट वाटलं, पण ते एखादं आजारपण संपल्यावर वाटतं तसलं होतं.

माग भंगारात गेले तेव्हा रोहिणी नक्षत्र लागलं होतं आणि आभाळात ढगाची चिंधीही नव्हती. अक्कांनी विडीची पानं कापायची कात्री आणली आणि चौथ्या मागावरची अर्धी चादर कापून घेतली. बिनमानेचा मोर. तिची घडी घालून त्या आत निघून गेल्या. भंगारवाल्याची माणसं घण घेऊन आली होती. "तोडू नका, खोलून देतो," अण्णा म्हणाले, आणि पान्यानं एकेक बोल्ट सोडवत बसले. त्या माणसांना घाई होती. दुसऱ्या मागापाशी त्यांनी अण्णांना हाताला धरून बाजूला बसवलं. बीड ठिसूळ असतं. एका घावात फुटतं.

त्यानंतर पाऊस आला की नाही, मला आठवत नाही. आला असेल. श्रावण उलटल्यावर पंपाच्या एका कामासाठी दस्तगीरभाईंकडे गेले होते. ते एका लाकडी पॅटर्नवर पट्टी धरून माप घेत होते. मी सहज माझी पट्टी शेजारी टेकवली. दोन पट्ट्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. त्यांच्या पट्टीवरचा प्रत्येक इंच माझ्या इंचाहून किंचित मोठा होता.

"ये बीड की पट्टी है," ते म्हणाले. "बीड थंडा हुआ के सिकुडता ना. सौ में एक. इसके वास्ते पॅटर्न बडा रखते."

"मिस्त्रींची पट्टी कुठली असेल?" मी विचारलं.

त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मिस्त्री आयुष्यभर फक्त पॅटर्न करत आले होते. त्यांच्या घरात दुसरी पट्टीच नसणार. त्यांनी कागदावर चाक काढलं ते शंभराला एक मोठं काढलं, ओतल्यावर आकसून बरोबर होईल असं. मी ते चाक होतं तसं, कागदाएवढं उभं केलं. दस्तगीरभाईंना वाटलं, कॉम्प्युटरमधून आलंय म्हणजे असल माप असणार, म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे पॅटर्न आणखी शंभराला एक वाढवला. दोन्ही चाकं सारखीच वाढली, म्हणून एकमेकांशी जुळली. भोक तेवढं लिहिलेल्या मापाचं होतं, म्हणून दांडाही गेला. पट्टीपाशी कोणी थांबलंच नाही.

माग सरळ होता.

दस्तगीरभाई वाळूच्या ढिगावरच बसले. पायानं वाळू सारखी करत राहिले. मग म्हणाले, "अण्णाकू बोलना क्या, मॅडम?"

मी क्लासवर आले. कॉम्प्युटर लावला, मधली भोकं सोडून दोन्ही चाकं निवडली आणि एक आकडा टाकला. चाकं डोळ्यादेखत आकसली, इतकी थोडी की आकसताना दिसलीही नाहीत. फिरवून पाहिली. लाल रंग कुठेही नव्हता. या कामाला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. दस्तगीरभाईंनी ती जोडी ओतली. रिकाम्या हातानं जाऊन नुसतं सांगायचं धाडस आम्हा दोघांतही नसावं. जोडी घेऊन आम्ही पूर्व भागात पोचलो. आधी गल्लोगल्ली विचारत फिरलो, त्या बनावटीचा एखादा तरी माग कोणाकडे आहे का. लोक हसून मान हलवायचे. एका म्हाताऱ्यानं तर कौतुकानं विचारलं, असलं अजून शोधताय होय?

अण्णांच्या कारखान्यात आता पाण्याच्या जारचा धंदा होता. जागा भाड्यानं दिलेली. निळे जार रांगेनं लावलेले, जमीन सगळी ओली, आणि खळीचा वास मात्र अजून तसाच. अण्णा उंबऱ्यावर अक्कांच्या शेजारी बसून पानं कापत होते. बोटं नवशिकी होती. पान वाकडं कापलं गेलं की अक्का ते बाजूला ठेवत.

दस्तगीरभाईंनी चाकं त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि जे होतं ते सगळं सांगितलं. पट्टी, कागद, शंभराला एक. मी मध्येमध्ये मराठीतून पुन्हा सांगत होते, गरज नसताना. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माग सरळ होता," म्हणाले.

"हौ, अण्णा," दस्तगीरभाई म्हणाले.

अक्कांचे हात थांबले. अण्णांनी धाकटं चाक उचललं, मोठ्याच्या दात्यांत बसवलं आणि बोटानं हळू फिरवलं. दाते एकात एक जात राहिले, कुठेही अडलं नाही. ते चिडले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं. त्यांनी चाक खाली ठेवलं, हाताला लागलेली काळी पूड लुंगीला पुसली आणि माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं.

"आन् आता ह्ये बरोबर हाय, ह्ये तुमाला कुणी सांगितलं, मॅडम?"

मी दस्तगीरभाईंकडे पाहिलं. आम्हाला ते कॉम्प्युटरनं सांगितलं होतं, पहिल्या खेपेसारखंच.